जनरलसाहेबांचे देवघर

मृत मनुष्याच्या घरी भेटीस जाण्यात एक मोठी सोय आहे. 'चहा घेतल्याखेरीज उठायचे नाही' असा दंडक तेथे नसतो. यजमानांचे धाकटे चिरंजीव पाठ केलेले श्लोक म्हणून दाखवीत नाहीत. आणि आपण निघण्याची चुळबूळ करू लागलो असता, 'इतक्यात?' या प्रश्नाला सुचेल ते खोटे उत्तर देण्याची पाळीही येत नाही. कलकत्त्यास जाऊन तीन दिवसांत कुटुंबाच्या माहेरच्या गोतावळ्यातील सात घरे आणि त्या घरांतील चौदा पेले चहा यांचा हिशेब चुकता केल्यावर, चौथ्या दिवशी सकाळी मी असे जाहीर केले की, आज ज्या गृहस्थांना भेटावयाचे आहे ते निवर्तून शंभर वर्षांहून पुष्कळच अधिक काळ लोटला असून त्यांचा मुक्काम पार्क स्ट्रीटच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात आहे. "त्यांच्याकडे तरी चहा नसेल ना?" एवढेच कुटुंबाने विचारले आणि पिशवीत छत्री घातली.

मराठी माणसाने कलकत्त्यात हिंडताना खरे म्हणजे किंचित अवघडून हिंडावे, अशी आपल्या पूर्वजांची कर्तबगारी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालची झोप अशी उडविली की, तेथील आया लेकरांना निजविताना आजही बर्गी आल्याचे सांगतात. आणि आपण ज्यांना बारगीर म्हणतो तेच हे बर्गी. त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला, सहा महिन्यांत तीन मैल खणला, आणि मराठे काही येत नाहीत असे पाहून कुदळी खाली ठेवल्या. सार्वजनिक बांधकाम अर्ध्यावर सोडण्याची या देशातील परंपरा कोणी सुरू केली याविषयी विद्वानांत मतभेद असतील, पण तिच्या आरंभीच्या प्रेरणेत आपलाही वाटा आहे, हे नमूद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते. पुढे तो खंदक बुजला, त्याच्या माथ्यावरून सर्क्युलर रोड गेला, आणि त्याच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या लांबविलेल्या शेपटाला पार्क स्ट्रीट जेथे मिळतो त्या कोपऱ्याशी हे कबरस्तान आहे.

दारावरच्या दरवानाने वही पुढे केली. नाव लिहिले, गाव लिहिले. 'येण्याचे कारण' या रकान्याशी मात्र लेखणी अडली. शेवटी 'भेट' असे लिहून मी आत शिरलो. कुटुंब फाटकाबाहेरच थांबणार होते. परंतु बाहेर ऊन आणि आत जुन्या वृक्षांची दाट छाया असा तो प्रसंग असल्यामुळे धर्मशास्त्राने ऋतुमानापुढे माघार घेतली.

हे कबरस्तान १७६७ साली उघडले, आणि ज्याला आज सारे जग पार्क स्ट्रीट म्हणते त्या रस्त्याचे नाव तेव्हा सरळ सरळ 'बेरियल ग्राउंड रोड' असे होते. कंपनी सरकारचे कारकून, कप्तान, वैद्य, न्यायाधीश आणि त्यांच्या विशी-पंचविशीतल्या बायका, लक्ष्मीच्या शोधार्थ सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून येथे येत, आणि 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य' या त्या काळच्या म्हणीस अनुसरून पुष्कळदा तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी इकडे राहावयास येत. मात्र हयातीत जो थाट करावयाचा राहिला तो त्यांनी मरणोत्तर पुरा करून घेतला आहे. मिसरचे पिरॅमिड, रोमन घुमट, ग्रीक खांब, उंच निमुळते मनोरे यांची तेथे अशी दाटी झाली आहे की, चुन्या-विटांचा एखादा ऐतिहासिक नाटकसंच पावसात भिजत पडावा तसे ते दिसते. या गर्दीत सर्वांहून उंच मनोरा सर विल्यम जोन्स यांचा. त्यांनी शाकुंतल इंग्रजीत नेले, एशियाटिक सोसायटी स्थापिली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी देह ठेवला. जवळपासच, मळसूत्री वळणाच्या एका स्तंभाखाली, वयाच्या विसाव्या वर्षी १८०० साली वारलेली रोझ एल्मर आहे. तिच्यावर लँडर या कवीने केलेली कविता इंग्रजीत अजरामर झाली, तर अननस अतोनात खाल्ल्याने ती गेली अशी आख्यायिका कलकत्त्यात अजरामर झाली. कवितेपेक्षा अननसाचा भाग कुटुंबाने अधिक लक्षपूर्वक ऐकला, कारण आदल्याच दिवशी पाचव्या घरी मी अननसाच्या चार फोडी खाल्ल्या होत्या.

आणि मग, त्या सगळ्या रोमन-ग्रीक पाहुण्यांत, लग्नाच्या मांडवात चुकून शिरलेल्या एखाद्या कीर्तनकारासारखे, एक देऊळ उभे असलेले दिसले.

देऊळच ते. वर शिखराचा आकार, समोर काळ्या दगडाची कोरीव द्वारचौकट, तीवर झिजलेल्या-तुटलेल्या मूर्ती. माझा हात आपोआप पायाकडे गेला आणि एक चप्पल काढून झाली. तेवढ्यात, ख्रिस्ती कबरीसमोर जोडे काढावयाचे नसून टोपी काढावयाची असते, ही आठवण झाली. टोपी मी घालीत नाही. त्यामुळे एका पायाने हिंदू आणि दुसऱ्या पायाने ख्रिस्ती अशा अवस्थेत मी काही काळ तिष्ठत राहिलो. आणि नंतर विचार करता असे वाटले की, आत निजलेल्या गृहस्थांचे दर्शन घ्यावयास याहून शास्त्रोक्त आसन दुसरे नसावे.

हे गृहस्थ म्हणजे मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट, कंपनी सरकारच्या बंगालच्या फौजेतील अंमलदार. सगळ्या कलकत्त्यास ठाऊक असलेले नाव 'हिंदू स्टुअर्ट'. जन्म १७५८ च्या सुमारास, आयर्लंडात. वयाच्या विशीच्या आत हिंदुस्थानात आगमन. इतर पोरे या वयात येथे येऊन हुक्का, जुगार, कर्ज आणि यकृताचा विकार या क्रमाने प्रगती करीत. स्टुअर्टसाहेबांना गंगा लागली. म्हणजे अशी की, रोज पहाटे उठून, पायी चालत नदीवर जाऊन, स्नान करून परत यावयाचे. त्यांचे पुढे ज्या वुड स्ट्रीटवर बिऱ्हाड होते तेथून नदी चांगली दीड-पावणेदोन मैल दूर. आमच्याकडे नदीकाठी राहणारे कित्येक सत्पुरुष गंगेचे नाव घेऊन तांब्यावर भागवितात. आणि हा आयरिश माणूस, घरी पालखी, घोडा, चाकरांची पलटण असताना, सूर्योदयाला पाण्यात उभा!

त्या काळी हिंदू होण्याची रीतसर सोय कोठेच नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मुसलमान होणाऱ्यास कलमा आहे, ख्रिस्ती होणाऱ्यास बाप्तिस्मा आहे. हिंदू होणाऱ्याला मात्र जन्मच घ्यावा लागे, आणि तोही नेमक्या घरात. समजा, एखाद्या धर्मसभेने मोठ्या मनाने साहेबांना आत घ्यावयाचे ठरविलेच असते, तरी 'कोणत्या जातीत?' या पहिल्याच प्रश्नावर ती सभा पुढच्या शतकापर्यंत तहकूब झाली असती. तेव्हा साहेबांनी अर्ज-विनंतीच्या भानगडीत न पडता एकतर्फी हिंदू होण्याचा मार्ग पत्करला. त्यांच्या देशबांधवांना मात्र याचा उलगडाच होईना. फेंटन नावाच्या एका बाईने आपल्या रोजनिशीत या जनरलचा खेदपूर्वक उल्लेख करून, त्याची बुद्धी ठिकाणावर असल्याचेच लोक समजतात, अशी हताश कबुली दिली आहे. बुद्धी शाबूत ठेवून कोणी मूर्तिपूजा करतो, हे कोडे तिला सुटण्यासारखे नव्हते.

परंतु साहेबांची खरी बहार पाहावयाची ती स्त्रियांच्या पोशाखाच्या प्रकरणात. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी कलकत्त्याच्या एका वृत्तपत्रात त्यांनी पत्रांची माळ लाविली, आणि इंग्रज मडमांनी आपले विलायती कपडे टाकून साड्या नेसाव्यात, असे आवाहन केले. ही पत्रे, उलटून आलेल्या शिव्याशापांसकट, पुढे पुस्तकरूपानेही निघाली. त्या पुस्तकाचे शीर्षक एखाद्या वाण्याच्या यादीइतके लांब असून त्यात देवमाशाच्या हाडांची काचोळी, लोखंडी पट्ट्या, बायकांचे कपडे शिवणारे पुरुष, आळशी ब्रह्मचारी, केसांची पावडर, एकांगी बसावयाचे खोगीर, दासी आणि हुजरे एवढ्या विषयांचा परामर्श घेतल्याची ग्वाही आहे. मडमा त्या काळी कमरेभोवती जो पोलादी कारागृहवास भोगीत, त्यातील लोखंडी पट्टीवर साहेबांचा विशेष दात होता. त्यांनी युक्तिवाद केला तो असा: एक तर, गडगडाटाच्या वेळी अंगावर लोखंड बाळगणे म्हणजे विजेला घरचे आमंत्रण देणे होय, आणि दुसरे म्हणजे, सर्व मडमांनी आपापल्या पट्ट्या एकदम टाकून दिल्या तर वसाहतीत लोखंड स्वस्त होऊन गरीब शेतकऱ्यांना गाड्यांच्या चाकांसाठी ते मिळेल. यात थट्टेचा लवलेश नसून आपण हे गांभीर्याने बोलत आहोत, असे त्यांनी बजावूनही ठेवले.

हा भाग मी कबरीसमोर मोठ्या रसाने वर्णन करून सांगितला. कुटुंबाने पदर खांद्यावर सारखा केला, आणि विचारले, "त्यांनी स्वतः कधी नेसून पाहिली होती का?"

"साडी? नसावी."

"मग!"

या 'मग'ला उत्तर नव्हते. नऊवारीच्या निऱ्या एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ओचा खोचण्याच्या विद्येवर जो अधिकाराने लिहील असा पुरुष अद्याप जन्मावयाचा आहे. आणि बायकांनी काय नेसावे याविषयी ज्यांना कधी काही नेसावे लागले नाही त्यांनीच लिहिण्याची वहिवाट त्या काळीही होती, एवढेच यावरून सिद्ध होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरी टाकलीच पाहिजे. पोशाखाच्या प्रश्नावर ते मडमांच्या बाबतीत जेवढे हास्यास्पद ठरले, तेवढेच शिपायांच्या बाबतीत शहाणे. आपल्या पलटणीतील शिपायांना त्यांनी कवायतीच्या मैदानावर कपाळी गंध लावून आणि मिशा राखून येण्याची मुभा दिली, आणि त्याबद्दल सरसेनापतींची नाराजी ओढवून घेतली. आता गंधावरून आणि मिशीवरून काय बिघडते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी १८०६ साली वेलोरला काय झाले ते आठवावे: गंध पुसा, दाढी काढा, नव्या तऱ्हेची पगडी घाला, असा हुकूम मद्रासच्या फौजेत निघाला आणि किल्ल्यात रक्ताचे पाट वाहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८०८ साली, 'बंगालमधील एक अंमलदार' एवढेच नाव घालून स्टुअर्टसाहेबांनी हिंदूंच्या समर्थनार्थ एक पुस्तक लंडनमध्ये छापविले, आणि बुकॅनन नावाच्या पाद्र्याला ठणकावले की, सभ्य आणि नीतिमान समाज होण्यासाठी या लोकांना तुमच्या धर्माची काडीइतकी गरज नाही. कंपनीच्या पगारावर राहून असे लिहिणारे किती निघाले असते? तेव्हा हसावयाचे असेल त्याने हसावे, पण थोडे बेताने.

१८०४ साली साहेब रजेवर विलायतेस गेले ते आपले देव बरोबर घेऊन. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी आपल्या पुण्यनगरीत, १८९० साली पंचहौद मिशनमधील चहाच्या पेल्यावरून केवढे ग्रामण्य माजले, रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात कसे ओढले गेले, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या मनात येथे एक धर्मशास्त्रीय शंका उभी राहिल्याखेरीज राहणार नाही. समुद्र ओलांडला की हिंदू बाटतो, हा नियम. मग खुद्द विष्णू, शिव आणि गणपती जहाजात बसून, खारवलेल्या गोमांसाच्या पिंपांशेजारून, आफ्रिकेस वळसा घालून विलायतेस गेले आणि परत आले, त्यांना प्रायश्चित्त कोणी दिले? क्षीरसागरावर पहुडणाऱ्याला खाऱ्या सागराचा विटाळ नाही, असा तोडगा एखाद्या शास्त्रीबुवांनी काढला असता. पण त्यांची दक्षिणा ठरविताना पुन्हा सभा तहकूब झाली असती.

आणि आता ज्या मजकुराकडे येण्याचे मी मघापासून टाळीत आहे, तो आला. हे देव साहेबांकडे आले कोठून?

काही विकत घेतले असतील, काही कोणी दिले असतील. परंतु १८३७ च्या सुमारास किट्टो नावाचा एक लष्करी अंमलदार शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी ओरिसात भुवनेश्वरास गेला, तेव्हा तेथील पुजारी त्याच्यावर खवळून उठले. कारण विचारता असे निष्पन्न झाले की, पूर्वी एक कर्नलसाहेब असेच मोठ्या भक्तिभावाने आले होते, आणि त्यांच्या गमनानंतर देवळांतील मूर्ती आणि कोरीव शिला यांची मोजदाद कमी भरली होती. ते कर्नलसाहेब म्हणजे आमचे स्टुअर्ट. भुवनेश्वरच्या दोन शिला त्यांनी एशियाटिक सोसायटीला बहाल केल्या होत्या. किट्टोच्या या भेटीच्या वेळी सोसायटीचे चिटणीस होते जेम्स प्रिन्सेप, अशोकाची लिपी वाचणारे. त्यांनी त्या शिला शोधून काढून भुवनेश्वरास परत धाडल्या. एशियाटिक सोसायटीची इमारत पार्क स्ट्रीटच्या एका तोंडाला आहे आणि हे कबरस्तान त्याच रस्त्यावर पार पलीकडे. म्हणजे काही वर्षे एका टोकाला मुद्देमाल आणि दुसऱ्या टोकाला इसम, असा या रस्त्याचा पंचनामा होता.

येथे माझी पंचाईत होते. लुटारू म्हणावे तर लुटारू मूर्ती फोडतो, वितळवतो, विकतो. पहाटे उठून तिच्यासाठी स्नान करीत नाही. भक्त म्हणावे तर भक्त देवळात जाऊन देवाला भेटतो आणि देवाला तेथेच ठेवून घरी येतो. या मनुष्याला दर्शनाने तृप्ती होत नसे. जे आवडले ते उचलून घरी नेल्याखेरीज त्याचे प्रेम पुरे होत नसे. त्याच्या देशबांधवांनी प्रांतच्या प्रांत याच न्यायाने घरी नेले होते. फक्त ते त्याला प्रेम म्हणत नसत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे सागरच्या फौजेचे आधिपत्य आले. हे सागर म्हणजे नेवऱ्याचे गोविंदपंत खेर, पुढे बुंदेले म्हणून गाजलेले, त्यांच्या वंशाकडून कंपनीने पेशवाईच्या पडत्या काळात घेतलेले. तेथे साहेबांनी एक देऊळ बांधले असे सांगतात. राज्य आमचे, जागा कंपनीची, देऊळ साहेबांचे, आणि आतला देव कोणाचा, हे मी विचारीत नाही.

वुड स्ट्रीटवरच्या त्या घरात पुढे मूर्ती, शस्त्रे, चित्रे, पोथ्या यांची एवढी दाटी झाली की, साहेब त्यांच्यात राहत होते की तेच साहेबांना ठेवून घेत होते, सांगणे कठीण. घर पाहुण्यांना पाहावयास खुले असे. हिंदुस्थानातले ते एक आरंभीचे वस्तुसंग्रहालयच, म्हणा ना. ३१ मार्च १८२८ रोजी साहेब वारले. अंत्यविधी ख्रिस्ती झाला, कबर देवळाची झाली. आणि त्यांच्या इच्छेनुसार काही देव त्यांच्यासमवेतच पुरण्यात आले, असे सांगतात.

"पुरले?" कुटुंबाचा आवाज चढला. "देव पुरले? विसर्जन करायचे ना! गंगा काय आटली होती?"

त्याच गंगेत या गृहस्थाने इतकी वर्षे बुड्या मारल्या होत्या, त्यामुळे आक्षेप बिनतोड होता. उरलेला संग्रह जहाजाने लंडनला गेला, लिलावात निघाला, ब्रिज नावाच्या घराण्याकडे राहिला आणि १८७२ साली त्या घराण्याकडून ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचला. तेथे आज खजुराहोचा एक उभा हरिहर आहे. अर्धे अंग विष्णूचे, अर्धे शंकराचे. एकाच देहात दोन दैवतांचा संसार नांदविणाऱ्या त्या मूर्तीवर साहेबांचा जीव का जडला असावा, याचा तर्क करावयास मोठी विद्वत्ता नको. इकडे एक चप्पल काढून उभ्या राहिलेल्या मलाही तो करता आला.

परत फिरताना दरवानाने वहीत निघण्याची वेळ मांडून घेतली. बिऱ्हाडी पोहोचलो तो दारातच मला थांबविण्यात आले. कबरस्तानात जाऊन आल्यावर स्नान केले पाहिजे, हे निर्विवाद. पण कबर देवळाच्या आकाराची होती, आत देव आहेत, तेव्हा झाले ते देवदर्शन, आणि देवदर्शनानंतर स्नान करणे म्हणजे उलट देवाचा अपमान, असा मुद्दा मी मांडून पाहिला. कुटुंबाने क्षणभर विचार केला. तेवढ्यात आतून मामीसाहेबांनी पंधराव्या पेल्याची वर्दी दिली.

"आधी अंघोळ," निकाल लागला.

मी मुकाट्याने पंचा खांद्यावर टाकला आणि बादली उचलली. जनरलसाहेबांना पावणेदोन मैल चालावे लागे. माझा नळ जिन्याखालीच होता, आणि त्याला पाणी संध्याकाळी पाचला येणार होते.